वंगणाचे नळकांडे

प्रवासवर्णने आपल्या भाषेत विपुल आहेत. प्रवासापूर्वीच्या दोन दिवसांचे वर्णन मात्र क्वचितच वाचावयास मिळते. वस्तुतः वाटेत काय होणार, याचा निकाल बहुधा त्या दोन दिवसांतच लागलेला असतो.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यास माझे काही काळ जाणे-येणे होते. तो धानाचा मुलुख. तिकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीला दोन्ही बाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधल्या, वर आच्छादन घातले आणि तळाशी तणसाची जाड बैठक केली की तिचे चालते घर होई. माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. अशा यात्रांना आणि दूरच्या लग्नकार्यांना एके काळी कुटुंबेच्या कुटुंबे या घरांतून जात. भांडी, तांदूळ, कंदील, पाण्याची घागर, बैलांसाठी तणस आणि ढेप हे सारे बरोबर. बैलांचे आधी, माणसांचे मागाहून, असा सामान भरण्याचा क्रम होता.

तेथील एका वृद्ध गृहस्थांकडे मी उतरत असे. सारा गाव त्यांना ‘बाबाजी’ म्हणे. बंडीची तयारी ते दुसऱ्या कोणावर सोपवीत नसत. प्रथम चाक हाताने गरगर फिरवून त्याचा आवाज ऐकावयाचा. मग एकेका आऱ्यावर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकावयाचे. घट्ट बसलेला आरा खणखणीत बोलतो, सैल झालेला बोदा बोलतो. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होते. मग चाक पाण्यात भिजत ठेवावयाचे. तेवढ्याने भागले नाही तर लोहाराकडे जावे लागे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करून गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, तापून फुगलेली ती चाकावर चढवितात आणि लगेच पाणी ओततात. वाफेच्या लोटात ती आवळत जाते आणि सारे आरे एकमेकांना धरून राहतात. हे दृश्य मी तासन्‌तास पाहिले आहे. मोठमोठ्या कारखान्यांतूनही एवढे समाधान मला मिळाले नाही.

आस बहुधा धावड्याच्या लाकडाचा, कारण ते चिवट असते. आसाच्या टोकाची खीळ काढून चाक थोडे बाहेर ओढावयाचे, जुने काळे वंगण पुसावयाचे आणि नवे भरावयाचे. वंगणाचे एक बांबूचे नळकांडे बंडीखाली कायम टांगलेले असे. पुढे लोखंडी आस आले, रबरी टायर आले. नळकांडे गेले नाही.

आणि बैल? पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद व तूप लावून त्यांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्यांची ती देखभालच. आपल्या पूर्वजांनी तिला सणाचे रूप दिले हे त्यांचे शहाणपण. देखभालीचा कंटाळा येतो, सणाचा येत नाही.

नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली आणि योगायोग असा की बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. परंतु रुळांपासून दूरच्या खेड्यांतील प्रवास पुढेही कित्येक वर्षे बैलगाडीचाच राहिला. मिस्साविधीचे साहित्य घेऊन निघालेल्या धर्मगुरूला वाटेत चाक निखळले तर त्या दिवशीची मिस्साही चुकत असणार. आपल्या धर्मप्रसाराच्या इतिहासात सुतार-लोहारांचा उल्लेख नसतो, ही मला मोठी उणीव वाटते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असलेल्या त्या मोटारींच्या देखभालीविषयी एका जाणत्या मेकॅनिककडून मी ऐकले, तेव्हा मला बाबाजींची आठवण झाली. तीही गाडी चालण्यापेक्षा उभी राहूनच अधिक बिघडते. टायर एकाच जागी दबून राहतात व उन्हाने तडकतात, बॅटरी उतरते, टाकीतील पाणी कुबट होते. निघण्यापूर्वी टायरची हवा, ब्रेक आणि गॅसची नळी तपासावी लागते. घर मोठे झाले, दोन दिवसांची तयारी तेवढीच राहिली.

बाबाजींच्या सुनेने सांगितलेली एक हकिकत. ऐन पावसाळ्यात मध्यरात्री तिला कळा सुरू झाल्या. सासऱ्यांनी विचारपूस केली नाही; बैल जुंपले, तणस पसरले आणि गोंदियाची वाट धरली. “मामाजींनी त्या रात्री बंडीला हातच लावला नाही,” ती म्हणाली. लावण्यासारखे काही उरलेच नव्हते. उजाडता उजाडता ती दवाखान्यात पोहोचली. ते बाळ पुढे माझ्यासमोर शाळेत जात होते.

ही हकिकत ऐकल्यापासून मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला मी निराळ्या रीतीने वाचू लागलो. शहाण्या पाच जणींनी मूर्ख पाच जणींना तेल नाकारले, हे लहानपणापासून माझ्या मनाला बोचत असे. प्रेमाची शिकवण देणाऱ्या प्रभूने अशा कठोर स्त्रियांना शहाण्या का म्हणावे? एकदा मी बाबाजींना तो दाखला सांगितला. ते ख्रिस्ती नव्हते, दाखला त्यांनी प्रथमच ऐकला. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “अर्धे अर्धे वंगण दोन बंड्यांना घातले तर अर्ध्या वाटेवर दोन्ही आस जळतील. नवरदेवासमोर एकही दिवा राहणार नाही.”

“मग शेजाऱ्याला द्यायचेच नाही?” मी विचारले.

“द्यायचे की. पण दिवसा.”

एवढे बोलून त्यांनी नळकांडे काखेत घेतले. शेजारच्या विधवेची बंडी दोन दिवसांनी लग्नाला निघणार होती. तिच्या चाकाची खीळ काढण्यासाठी त्यांनी मला पलीकडून जोर लावायला सांगितले.