समुद्रतळाचा एक दिवस : तीन किनारे, तीन हिशेब

बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाने आधी शांतपणे बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. ती शिकवण बुरूज बांधणाऱ्यांसाठी आहे, तशीच समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्यांसाठीही आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणींनी अलीकडे स्कूबा डायव्हिंगचे रीतसर शिक्षण घेतले असून त्यांच्या खिशात प्रमाणपत्राचे लहानसे कार्डही आले आहे. सुटी लागली की त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : एका दिवसाच्या सफरीसाठी जावे कोठे, आणि त्याला पैसा लागेल किती?

बेळगावच्या वाचकाला ह्या बाबतीत दैवाने तीन किनारे जवळ दिले आहेत. पश्चिमेस घाट उतरला की गोवा. वायव्येस आंबोलीमार्गे मालवण आणि तारकर्ली. आणि दक्षिणेस कारवार, कुमटा, होन्नावर ओलांडल्यावर मुर्डेश्वर व त्यासमोरील नेत्राणी बेट. गंमत अशी, की हे तीन किनारे तीन वेगळ्या धर्मप्रांतांत मोडतात. गोवा महाधर्मप्रांत पुरातन आहे, कारवारचा धर्मप्रांत १९७६ साली बेळगावच्या धर्मप्रांतातून निर्माण झाला, तर सिंधुदुर्गचा २००५ साली स्थापन झाला. किनारा एकच, समुद्र एकच. परंतु पाण्याचा स्वभाव, होडीचे अंतर आणि म्हणून दिवसाचा खर्च ही तिन्ही ठिकाणी निराळी आहेत.

प्रथम गोव्याचा विचार करू. येथील बहुतेक बुड्या ग्रँड बेटाच्या अवतीभवती होतात. हे बेट मुरगावच्या भूशिराजवळ, जुवारी नदीच्या मुखाबाहेर आहे. बोगमाळो किंवा बायणा येथून निघालेली होडी तेथे लवकर पोचते; उत्तर गोव्याकडून निघाल्यास वेळ अधिक लागतो. खोली बेताची आहे, आणि जुन्या जहाजाच्या भग्न सांगाड्याभोवती माशांचे थवे फिरताना पाहून नवख्या पाणबुड्याचे मन हरखून जाते. मात्र नद्यांनी वाहून आणलेल्या गाळामुळे पाणी पुष्कळदा गढूळ असते आणि दृष्टी काही मीटरांपलीकडे पोचत नाही. येथे व्यवसाय करणारे अनेक असल्याने दरांत चढाओढ आहे. परंतु राहण्याचा आणि वाहनाचा खर्च पर्यटनाच्या हंगामात चढा असतो.

मालवणचे रूप वेगळे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात रोज कितीतरी पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली डोकावून येतात. ह्या परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पण येथेच वाचकाने सावध व्हावयास हवे. रस्त्याकडेच्या फलकांवर जो अत्यल्प दर लिहिलेला दिसतो, तो शिक्षण न घेतलेल्या हौशी पर्यटकासाठी असतो. थोडकी मिनिटे, थोडकी खोली, आणि प्रशिक्षकाने पाठीमागून धरून ठेवलेले सिलिंडर, एवढेच त्यात येते. प्रमाणपत्रधारकाने आपल्या सफरीची तुलना ह्या दराशी करणे म्हणजे बैलगाडीच्या भाड्याशी रेल्वेचे भाडे ताडून पाहण्यासारखे आहे. त्याला हवी असलेली दोन बुड्यांची स्वतंत्र सफर, निवतीच्या खडकांकडे जाणारी होडी आणि पाण्याखालचा वाटाड्या ह्यांचा दर वेगळा विचारावा लागतो.

तिसरा किनारा मुर्डेश्वरचा. मुर्डेश्वरच्या बंदरातून होडी निघाली की शिवाची १२३ फूट उंचीची मूर्ती बराच वेळ पाठीमागे दिसत राहते, आणि मग सुमारे १० सागरी मैलांवरचे नेत्राणी बेट हळूहळू क्षितिजावर उगवते. इंग्रजांच्या नकाशांत ह्याचेच नाव कबुतर बेट. बेटावर मनुष्यवस्ती नाही; रानटी झालेल्या शेळ्या आणि पांढऱ्या पोटाचे समुद्रगरुड हेच तेथले रहिवासी. नद्यांच्या मुखांपासून दूर असल्याने पाणी स्वच्छ असते. चांगल्या दिवशी पंधरा-वीस मीटरांपर्यंतचे दिसते. प्रवाळ, कासवे आणि मोठे मासे पाहावयाचे असतील तर तिन्हींत हाच किनारा श्रेष्ठ ठरतो. परंतु होडीला जाता-येता तासन् तास इंधन जाळावे लागते, आणि ते इंधन शेवटी प्रवाशाच्याच पावतीत उतरते.

ह्या तिन्ही ठिकाणी पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, समुद्र बंद असतो. दर हंगामागणिक बदलतात. म्हणून छापील आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत शिकून घेणे अधिक हिताचे.

ह्या खर्चात सर्वांत मोठा वाटा होडीचा असतो, आणि होडीचा खर्च माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो. समजा, एका दिवसासाठी होडी, इंधन आणि खलाशी मिळून १६,००० रुपये लागतात. आठ पाणबुडे असतील तर प्रत्येकी २,००० रुपये होतात. चारच असतील तर ४,०००. म्हणूनच आठवड्याच्या मधल्या दिवशी एकट्यादुकट्याने गेलेल्याला दर जास्त सांगितला जातो, किंवा सफरच रद्द होते. उलट धर्मग्रामातील सहा-आठ जणांनी मिळून आधी कळवले तर सवलत मागण्यास आधार राहतो.

दुसरी बाब साहित्याची. मुखवटा, पोहण्याचे पंखे, वेटसूट, रेग्युलेटर, हवेचे जाकीट आणि डाइव्ह कॉम्प्युटर ह्यांचे भाडे सांगितलेल्या दरात आहे की नाही, हे विचारून घ्यावे. निदान मुखवटा आणि कॉम्प्युटर ज्याने स्वतःचे घेतले, त्याचा पैसा काही सफरींत वसूल होतो. तिसरी बाब कराची, चौथी जेवणाची, पाचवी मुक्कामापासून बंदरापर्यंतच्या वाहनाची. ज्याने बऱ्याच महिन्यांत बुडी मारलेली नाही, त्याला उजळणीचे शुल्कही पडू शकते. आणि ते टाळण्याचा प्रयत्न करू नये. हवामान बिघडून होडी फिरली नाही तर पैसे परत मिळतात की दुसरा दिवस मिळतो, हाही प्रश्न आगाऊ विचारावा.

आता एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. पहिल्या ठिकाणी दोन बुड्यांचे ४,००० रुपये सांगितले. त्यावर साहित्याचे १,०००, वाहनाचे ८०० आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे १,५०० मिळवले, की बेरीज ७,३०० होते. दुसऱ्या ठिकाणी सर्व धरून ६,५०० सांगितले. मुक्कामाचे १,५०० मिळवून ८,००० झाले. फलकावर जो फरक २,५०० रुपयांचा दिसत होता, तो प्रत्यक्षात ७०० वर आला. पुढे पाहा. पहिल्या ठिकाणी प्रत्येक बुडी ३० मिनिटांची, म्हणजे एकूण ६० मिनिटे. दुसऱ्या ठिकाणी ४५ मिनिटांची, म्हणजे ९०. पहिल्याचे प्रत्येक मिनिट सुमारे १२२ रुपयांना पडले, आणि दुसऱ्याचे ८९ रुपयांना. स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे आता वाचकानेच ठरवावे.

अर्थात केवळ मिनिटे मोजणेही शहाणपणाचे नाही. १० मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, २० मीटरवर तिप्पट. त्यामुळे जे सिलिंडर १० मीटरवर ६० मिनिटे पुरेल, तेच २० मीटरवर सुमारे ४० मिनिटे पुरते. नेत्राणीच्या खोल पाण्यातील बुडी गोव्याच्या उथळ बुडीपेक्षा आखूड झाली, तर त्यात कोणी फसवले असे समजू नये. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादाही लक्षात ठेवावी. प्राथमिक प्रमाणपत्राने १८ मीटर आणि पुढच्या पायरीच्या प्रमाणपत्राने ३० मीटर ही सर्वसाधारण सीमा आहे. जी खोली आपल्याला वर्ज्य आहे, तिच्यासाठी जास्त दर देण्यात अर्थ नाही.

आता मी ज्या मुद्द्यावर विशेष भर देऊ इच्छितो, तो मुक्कामाचा. वरील उदाहरणात दोन्ही ठिकाणी एका रात्रीचा खर्च धरला आहे, तो चैनीसाठी नव्हे. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत विरघळतो, आणि बुडीनंतर कित्येक तास तो हळूहळू बाहेर पडत राहतो. ह्या काळात मनुष्य उंचावर, म्हणजे कमी दाबाच्या हवेत गेला, तर त्याच वायूचे बुडबुडे शरीरात तयार होऊन सांधे, मज्जारज्जू आणि मेंदू ह्यांना इजा पोचू शकते. म्हणून पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ह्या संस्थेची सूचना अशी, की एकाच बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानप्रवास करू नये. ह्या सूचनेतील उंची २,००० फुटांपासून सुरू होते.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले आहे. ह्याचा अर्थ सरळ आहे. शनिवारी सकाळी दोन बुड्या मारून, दुपारी जेवून, संध्याकाळी घाट चढून घरी यावयाचे, हा जो सोपा आणि स्वस्त बेत आपल्याकडील तरुण आखतात, तो विमानात बसण्याच्याच जातीचा आहे. मोटार जमिनीवरून धावते म्हणून शरीराला उंची कळत नाही असे नाही. वास्कोहून लोंढ्याकडे जाणारी गाडी धरली तरी कॅसलरॉकचा घाट चढावाच लागतो; हैदराबादकडे रेल्वेने जाणाऱ्यांनाही ही गोष्ट लागू आहे. इंदूरचा वाचक विमानाने परतणार असेल तर त्यालाही थांबलेच पाहिजे. वडोदऱ्याच्या वाचकाची अवस्था त्यांतल्या त्यात सुखाची. कोकण रेल्वेने आणि पुढे वसई रोडमार्गे तो किनाऱ्याकिनाऱ्यानेच घरी पोचतो. तेव्हा घाटावरच्या आणि पठारावरच्या माणसाने एका रात्रीचा मुक्काम हा सफरीच्या दराचाच भाग मानावा. १,५०० रुपये वाचवण्यासाठी घरच्या कर्त्या मुलाचे किंवा मुलीचे पाय लुळे पडण्याचा धोका पत्करणे, ह्याला काटकसर म्हणत नाहीत.

शनिवारी बुडी मारून किनाऱ्यावर राहिल्यास दुसरा लाभही आहे. रविवारची मिस्सा तेथल्याच देवालयात मिळते, आणि दुपारनंतर निश्चिंत मनाने घाट चढता येतो. रविवारीच होडी असेल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा चुकवू नये.

दर विचारताना आणखी काही प्रश्न विचारण्यास लाजू नये. होडीवर प्राणवायूचे सिलिंडर आहे काय? एका वाटाड्यामागे किती पाणबुडे असतात? प्रमाणपत्र आणि लॉगबुक पाहण्याचा आग्रह धरतात काय? जो आपले कार्ड न पाहताच पैसे घेतो, तो इतरांचेही पाहत नसणार, आणि पाण्याखाली आपला जोडीदार म्हणून कोण येईल, ह्याचा नेम राहत नाही. इटलीतील सान फ्रुत्तुओझोच्या उपसागरात १९५४ साली सुमारे १७ मीटर खोलीवर हात उंचावलेल्या ख्रिस्ताची कांस्यमूर्ती बसवण्यात आली. गुइदो गाल्लेत्ती ह्या शिल्पकाराची ती कृती. दारिओ गोंझात्ती हा पाणबुडा १९४७ साली त्याच पाण्यात मरण पावला, आणि त्याच्या स्मरणार्थ ही कल्पना पुढे आली. आज जगभरचे पाणबुडे तेथे भक्तीने आणि कौतुकाने जातात. पण ती मूर्ती एका मृत्यूचे स्मारक आहे, हे विसरू नये.

शेवटी एक गोष्ट न्यायाची. दरासाठी घासाघीस करताना होडीवरचा खलाशी, सिलिंडर उचलणारा पोरगा आणि पाण्याखालचा वाटाड्या ह्यांच्या मजुरीवरच सुरी फिरत नाही ना, हे पाहिले पाहिजे. ह्या कामांत किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतली माणसे पुष्कळ आहेत. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली कामगारांच्या न्याय्य वेतनाविषयी जगाला जे बजावले, ते कारखान्याला लागू आहे, तसेच होडीलाही लागू आहे. आणि जो मालक प्रवाळावर नांगर टाकत नाही, कायमच्या बोयाला दोर बांधतो, त्याने थोडे अधिक मागितले तर ते आनंदाने द्यावे. सृष्टी हे आपले सामाईक घर आहे, असे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली लिहिले. त्या घराची देखभाल फुकट होत नाही.

तेव्हा नवशिक्याने गोवा निवडावा, जवळचा आणि घरगुती पाहुणचार हवा असेल त्याने मालवण, आणि ज्याच्यापाशी थोडा अनुभव व थोडी अधिक शिल्लक आहे त्याने नेत्राणी. कागद-पेन्सिल घेऊन सर्व बाबी एकाखाली एक मांडाव्यात, रात्रीचा मुक्काम त्यांत न चुकता लिहावा, आणि मगच बेरीज करावी.