एका वेलांटीची गोष्ट

शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात माझ्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे गेली. तांबड्या शाईने किती वेलांट्या दुरुस्त केल्या, याची गणती नाही. त्यांतील एक वेलांटी मात्र आजही मनाला टोचते.

सन १९९६ मधील गोष्ट. सहावीतील एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'आजचा दीन आनंदाचा आहे.' मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "आजचा दीन, म्हणजे आजचा दरिद्री माणूस, फारच आनंदात दिसतो!" वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "सर, एका वेलांटीने एवढे काय बिघडते?" त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. मला ते दिसले. पण न दिसल्यासारखे करून मी पुढची वही उचलली.

बारा वर्षांनी त्याचे पत्र आले. तो एका प्रयोगशाळेत अतिसंवाहक पदार्थांवर संशोधन करीत होता. 'सर, एकदा या. चुंबक हवेत तरंगताना दाखवितो,' असे त्याने लिहिले होते. मी पडलो मराठीचा शिक्षक! तरीही गेलो. तो स्थानकावर धापा टाकीत मला घ्यायला आला.

वाटेत त्याने मला विषय समजावून दिला. तारेतून वीज वाहताना तिला अडथळा होतो, म्हणून तार तापते. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाला आढळले, की पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, की हा अडथळा पार नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. पण एवढी थंडी आणायची म्हणजे द्रवरूप हेलियम हवा, आणि तो फार महाग.

पुढे १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी भलत्याच ठिकाणी शोध घेतला. विजेच्या तारा खांबांवर चिनी मातीच्या आधारांवर बसवितात, त्या वीज खांबात उतरू नये म्हणून. अशा भाजलेल्या, ठिसूळ पदार्थांच्या जातीतच त्यांना अतिसंवाहक सापडला! लॅन्थॅनम, बेरियम, तांबे आणि प्राणवायू यांचा तो पदार्थ उणे २४० अंशांच्या आसपासच आपला गुण दाखवू लागे. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील पॉल चू यांनी हा पदार्थ दाबून पाहिला. दाब वाढला, की तो कमी थंडीतही अतिसंवाहक होई. मग बाहेरून दाबण्याऐवजी लॅन्थॅनमच्या जागी त्याच कुळातील लहान अणू बसविला तर? जानेवारी १९८७ मध्ये चू यांचे सहकारी मॉ-कुएन वू आणि त्यांचे विद्यार्थी यांनी इट्रियम घालून पाहिले. हिरव्या आणि काळ्या कणांचे ते मिश्रण उणे १८० अंशांवरच अतिसंवाहक झाले. गुण होता तो काळ्या कणांत. आता द्रवरूप नायट्रोजन पुरेसा होता. तो उणे १९६ अंशांचा असतो आणि पुष्कळ स्वस्त पडतो.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर मी विचारले, "मग तू काय करतोस?"

"अदलाबदल, सर. इट्रियमऐवजी गॅडोलिनियम घातले, तर जवळजवळ काही बिघडत नाही. पण तांब्याच्या जागी थोडेसे जस्त शिरले, तर सारा गुण झपाट्याने ओसरतो."

त्याने अकीकाचा खल दाखविला. त्यात भुकट्या मोजून घोटायच्या, नऊशेहून अधिक अंशांवर भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, दाबून चकती करायची आणि शेवटी प्राणवायूच्या झोतात सावकाश निववायची. आमच्या घरी वैद्यबुवा मात्रा उगाळीत, त्याची मला आठवण झाली.

मग त्याने बशीतल्या काळ्या चकतीवर द्रवरूप नायट्रोजन ओतला. वाफांचे ढग उठले. अतिसंवाहक चुंबकाचा प्रभाव अंगात शिरू न देता बाहेर लोटू पाहतो. म्हणून चुंबक तिच्यावर अधांतरी राहायला हवा. त्याने चिमट्याने चुंबक ठेवला.

चुंबक चकतीवर टपकन पडला.

पुन्हा ठेवला; पुन्हा तेच. त्याचे तोंड उतरले. बारा वर्षांपूर्वीचा तो खाली मान घातलेला मुलगाच माझ्यासमोर उभा होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चूक माझीच. तुमची गाडी यायची वेळ झाली, म्हणून चकती तापलेली असतानाच भट्टीतून बाहेर काढली. तिने प्राणवायू पुरता घेतलाच नाही. एका इट्रियममागे प्राणवायूचे जवळजवळ सात अणू लागतात. सहाच्या आसपास राहिले, की संपले. दिसायला तशीच काळी, पण..." तो किंचित हसला. "वेलांटी चुकली, सर."

मला हसू आले नाही. त्याने ती फसगत तारखेसह वहीत नोंदविली. तीच चकती पुन्हा भट्टीत ठेवून प्राणवायू सोडला, साडेचारशे अंशांपर्यंत तापविली आणि रात्रभर हळूहळू निवू दिली. मी परतीचा बेत एक दिवस पुढे ढकलला.

सकाळी भट्टी उघडण्यापूर्वी मी म्हणालो, "त्या दिवशी तुझे वाक्य मी वर्गात वाचायला नको होते."

तो काही बोलला नाही. चकतीवर नायट्रोजन ओतून त्याने चिमटा माझ्या हातात दिला. "चुंबक तुम्ही ठेवा, सर."

माझा हात थरथरत होता. मी चुंबक ठेवून चिमटा काढला. तो खाली पडला नाही! बोटाने हलकेच टोचले, तर अधांतरीच गिरक्या घेऊ लागला. नायट्रोजन उडून गेला, तेव्हा तो अलगद खाली टेकला. आम्ही पुन्हा ओतला.