अण्णा झोपले, सीडी २

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेला इंजिनिअरिंगचा मुलगा गप्प बसत नाही. मिक्सर, गीझर, शेजारच्या काकूंचा मोबाईल, जे दिसेल ते उघडतो. मी या वेळी घरचा पीसी उघडला. (स्क्रू ड्रायव्हरने नाही, पासवर्ड टाकून.)

डी ड्राइव्हवर 'पिक्चर' नावाचं एकच फोल्डर. आत बाबांनी साठवलेले सिनेमे, बहुतेक विकत घेतलेल्या व्हीसीडीवरून उतरवलेले. ज्युनिअर मंडळींनी व्हीसीडी पाहिली नसेल म्हणून सांगतो: एक सिनेमा दोन-तीन सीडींवर असायचा आणि सिनेमाच्या फाईलचं नाव बहुतेक वेळा तेच, एव्हीएसईक्यू०१.डॅट. कॉपी करताना नाव बदललं नाही तर दुसरी फाईल पहिलीच्या डोक्यावर बसणार. बाबांनी नावं दिली होती, पण कसली? 'लाईट गेली'. 'मावशीकडे बघितलेला'. 'अण्णा झोपले सीडी १', 'अण्णा झोपले सीडी २'. सिनेमाचं नाव कुठेच नाही!

मी सगळ्या फाईल सिलेक्ट केल्या, एफ-२ दाबलं आणि सरळ नंबर देऊन टाकले. मग दोन दिवस एकेक फाईल व्हीएलसीमध्ये उघडून खरं नाव शोधलं, यादी केली आणि छोटीशी पायथन स्क्रिप्ट लिहिली. आधी भाषा, मग साल, मग नाव. साल हवंच, कारण 'देवदास' १९५५चाही आहे आणि २००२चाही, 'डॉन' १९७८चाही आणि २००६चाही. एंटर मारलं. 'जैत रे जैत' १९७७, 'सिंहासन' १९७९, 'अशी ही बनवाबनवी' १९८८, सगळे एनसीसीच्या परेडसारखे रांगेत. मी ऐटीत बाबांना हाक मारली.

बाबांनी चष्मा लावला, यादी खालीवर केली. "छान केलंस रे. आणि 'अण्णा झोपले' कुठे गेले?"

अण्णा म्हणजे माझे आजोबा. २००८ साली गेले, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. शेवटच्या वर्षी त्यांना रात्र-रात्र झोप लागत नसे. बाबा त्यांच्यासाठी पिक्चर लावायचे. ज्या पिक्चरला डोळा लागला, त्याला तसं नाव, म्हणजे पुन्हा तोच लावता येईल. असे सात होते. कोणते सात, ते बाबांना आता आठवत नव्हतं. आठवायची गरजच नव्हती, नावातच लिहिलं होतं की!

बॅकअप? कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांनी कृपया हसू नये.

मध्ये पीसी बंद केला होता, त्यामुळे कंट्रोल-झेड संपलेलं. शेवटी विंडोजच्या 'रीसेंट' फोल्डरमध्ये जुन्या नावांचे काही शॉर्टकट सापडले. शॉर्टकटमध्ये मूळ फाईलची साईज नोंदलेली असते. साईजवरून जुळवाजुळव केली तर 'लाईट गेली' मिळाला आणि सातातले दोन मिळाले. त्यातला एक 'सिंहासन'. मग माझ्या लक्षात आलं, 'रीसेंट'मध्ये असतं ते अलीकडे उघडलेलं. तारीख गणपतीतली होती. मी काही विचारलं नाही.

उरलेल्या पाचांसाठी बाबा रोज रात्री जेवणानंतर एक पिक्चर लावतात आणि होस्टेलवर फोन करून रिपोर्ट देतात. काल म्हणाले, "'धूमधडाका' खोड यादीतून. त्याला अण्णा जागे होते, हसत होते."