आधी पकड

आम्हा बडोदेकरांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता! सुमारे २५ वर्षांपूर्वी, जानेवारीत, वडिलांच्या अँबॅसडरने आम्ही सहकुटुंब शिमल्याहून कुफरीला निघालो. चढावर बर्फात मागची चाके जागीच फिरू लागली. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. गाडी दरीकडे घसरली. मागे छोटी लेक रडू लागली.

एक पहाडी ट्रकचालक धावत आला. "साहब, रेस मत दो!" अँबॅसडरचे इंजिन पुढे, पण ताकद मागच्या चाकांना. तिथे वजन कमी, म्हणून पकड नाही. त्याने टपावरचे सामान डिकीत ठेवायला लावले, चाकांखाली माती टाकली. दुसरा गिअर, हलका पाय, गाडी निघाली.

आजही एखादा विद्यार्थी गणितात अडला, की आधी त्याची पकड कुठे सुटली ते पाहतो. पालकांनीही पाहावे, ही विनंती.