मगरिब ते इशा

साखरेच्या मुलखात राहायचे आणि साखरेशीच वैर धरायचे, हे काम वाटते तितके सोपे नाही. आमचे घर मिरज तालुक्यात. थंडी पडली की उसाच्या गाड्या रात्रभर दारावरून जातात. सासऱ्यांच्या नावावर दीड एकर ऊस आणि कारखान्याचा एक शेअर होता. त्या शेअरवरची सवलतीची साखर अजून दिवाळीच्या तोंडावर घरात येते. दिवाळी आमची नसली तरी साखर आमचीच असते.

आणि गोडाला निमित्त कधी कमी पडले आहे? मोहरमला चोंगे आणि मलिदा, शब-ए-बरातला हलवा, रमजान ईदला शीरखुर्मा, मीरासाहेबांच्या उरुसाला बत्तासे नि रेवड्या. पोराची बिस्मिल्ला झाली, पेढे वाटा. निकाह लागला, छुहारे वाटा. मय्यतीच्या घरीसुद्धा फातेहा झाली की पुढ्यात खीर येते. अशा घरात "आम्ही गोड सोडले" असे कुणी म्हणाले, तर लोक आधी तब्येतीची चौकशी करतात आणि मग रागावतात.

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरली अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेत शिकवते. धाकटी बेचाळीसची, घरी शिवणयंत्र चालवते. हे लिखाण दोघींचे आहे. एक सांगते, दुसरी लिहिते, आणि खोडायचा अधिकार दोघींना सारखा.

आमच्या सासूबाईंना, अम्मींना, पंचवीस वर्षे मधुमेह होता. आधी पायाचे एक बोट गेले, मग घोट्यापासून पाऊल. शेवटची चौदा महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१९ साली त्या गेल्या. त्या अवस्थेतही मगरिबची नमाज पलंगावर बसून झाली की त्या तस्बीह बाजूला ठेवत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत, "कुछ मिठ्ठा है क्या गे?" मागणी मोठी नसे. एक बिस्कीट, गुळाचा खडा, कालच्या शेवया. त्या प्रश्नाला 'हो' म्हणायचे की 'नाही', यावर घरात रोज दोन पक्ष पडत. जी 'नाही' म्हणे, तिला रात्री झोप लागत नसे.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या रक्ताचे कागद हाती आले तेव्हा आम्हाला कुणी समजावून सांगावे लागले नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ५.७ च्या खाली असावा लागतो. ६.५ ला मधुमेह धरतात. धाकटीचा आला ६.१, थोरलीचा ५.९. म्हणजे उंबऱ्यावर. या उंबऱ्यावर उभी असलेली माणसे या देशात थोडीथोडकी नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबऱ्यावरचे १३ कोटी ६० लाख असा अंदाज आहे.

वजने लिहायला लाज नाही. थोरली ७९ किलो, धाकटी ७२. मात्र आपल्या लोकांत नुसत्या वजनावरही भागत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बाहेरून सडपातळ दिसतो आणि चरबी आत पोटाशी धरून ठेवतो. बाईच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की सावध व्हायचे, असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. धाकटीच्या हातात तर दिवसभर टेपच असते. जगाची मापे घेणाऱ्या बाईने स्वतःचे माप त्या दिवशी घेतले. किती भरले ते इथे लिहू नये, असे दोघींच्या मताने ठरले.

डॉक्टरीणबाईंनी फार मागितले नाही. वजनाचे शंभरातले सात भाग कमी करा आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चाला, एवढेच. अमेरिकेत उंबऱ्यावरच्या तीन हजारांहून जास्त माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात एवढ्यानेच मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. धाकटीचे सात भाग म्हणजे पाच किलो. पाच किलो ऐकून बरे वाटले. आम्हाला नवऱ्या मुली व्हायचे नव्हते.

दिवस निभावत होता. सकाळी चहा बिनसाखरेचा, दुपारी भात बंद, शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा पेढा आला तर तो पर्समध्ये टाकून पोरांसाठी घरी. सगळे मोडायचे ते एका ठरावीक वेळी, मगरिब ते इशा. नमाज झाली, दिवे लागले, कूकरची शिट्टी व्हायची आहे, पुरुष अजून बाहेर आहेत, आणि पाय आपोआप फडताळाकडे वळतात. भूक म्हणावी तर भाकरी नको असते. भाजी नको असते. गोडच हवे असते, तेही उभ्या उभ्या. गुळाचा खडा, चहात बुडवून चार बिस्किटे, पोरांच्या डब्यातला अर्धा लाडू. हे सगळे दिवसाच्या हिशोबात कुठे धरलेलेच नसते. ताटात वाढून न घेतलेले अन्न बाई खाल्लेले समजत नाही.

याला आमच्या नात्यातल्या बायका एक सोपे नाव देतात. "नफ्सवर काबू नाही." नणंद म्हणाली, शेजारीण म्हणाली, एका बैठकीत एक बाई अर्धा तास त्यावर बोलल्या. आम्हाला ते पटले नाही. दिवसभर काबूत असलेला नफ्स नेमका दिवे लागताना कसा सुटतो? आणि रमजानमध्ये तीस दिवस पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाईला काबू शिकवायचा तरी कुणी?

उत्तर वेगळीकडेच सापडले. अमेरिकेतल्या संशोधकांनी बारा निरोगी माणसांना तेरा दिवस मंद उजेडात असे ठेवले, की बाहेर दिवस आहे की रात्र हे त्यांना कळू नये. जेवणाच्या नि झोपेच्या वेळाही फिरवत ठेवल्या. तरी त्यांच्या भुकेला स्वतःचे घड्याळ होते. सकाळी आठच्या सुमारास भूक सर्वांत कमी, रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त. आणि ओढ कशाची, तर गोडाची, पिठूळ पदार्थांची, खारटाची. २०१३ सालचा हा अभ्यास. माणसे बाराच होती, तेव्हा त्यावर इमारत उभारू नये. पण आम्हाला तो वाचून अम्मींचा प्रश्न ऐकू आला. ती वेळच तशी आहे. शरीर रात्रीसाठी साठा मागते.

वेळ शरीराची, हे खरे. पण घराने त्यात भर घातलेली असते. आमच्या घरात बायका शेवटी जेवतात. कुणी तसा हुकूम काढलेला नाही, ते तसेच चालत आले आहे. आधी पुरुष, मग पोरे, मग उरलेले मटण कमी आणि रस्सा जास्त. त्यात वजन उतरवायचे म्हटले की बाई पहिली कात्री स्वतःच्या दुपारच्या जेवणाला लावते. थोरलीचा शाळेचा डबा म्हणजे एक चपाती आणि लोणचे. धाकटी कपड्यांच्या गठ्ठ्यात दुपार विसरते आणि चारला चहा पिते. असा दिवस काढल्यावर सात वाजता शरीर वसुलीला येते. त्याला आपण हावरटपणा म्हणतो.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. संध्याकाळच्या गोडाला हात लावला नाही, दुपार वाढवली. डब्यात दीड ज्वारीची भाकरी, उसळीची मोठी वाटी, कधी मटकी, कधी हुलगे, एक उकडलेले अंडे, दही. मटण असेल त्या दिवशी दोघींच्या वाटणीच्या फोडी आधीच बाजूला काढून ठेवायच्या. यावर घरात थोडी कुरबुर झाली. "बायका आता आधी वाढून घ्यायला लागल्या," असे एक वाक्य बैठकीच्या खोलीतून ऐकू आले. ते आम्ही ऐकले आणि फोडी बाजूला काढल्या. असरनंतर मूठभर भाजलेले फुटाणे आणि एक पेरू. पंधरा दिवसांत फडताळाची ओढ गेली नाही, पण तिचा आवाज उतरला. पूर्वी ती हुकूम सोडायची, आता विचारून बघते.

चहाचा हिशोब तेव्हाच मांडला. घरातला चमचा पाच ग्रॅमचा. कपाला दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, आणि जमल्यास दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहा असे सुचवले. आमची तर दुपट्टीने चहातच संपत होती, बत्तासे वेगळे. दर आठवड्याला अर्धा चमचा अशी ती उतरवली. सकाळचा बिनसाखरेचा चहा आता गोड लागत नाही पण कडूही लागत नाही. संध्याकाळी लिंबू पिळलेला सुलेमानी.

लोक सल्ले पुष्कळ देतात. गूळ चालतो म्हणतात. कोल्हापुरी गूळ आमच्याही जीवाचा आहे, पण अंगाला तो जवळजवळ साखरेइतकाच लागतो. खजूर सुन्नत आहे, ती एक किंवा दोन, वाटीभर नव्हे. गोडव्याच्या गोळ्या एका भाच्याने दुबईहून आणून दिल्या. वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, असे आरोग्य संघटनेनेच २०२३ साली सांगितल्यावर त्या पाहुण्यांसाठी ठेवल्या. साखरेच्या डब्याला कुलूप घालायचे एका जावयाने सुचवले. ज्या घरात किल्ली बायकांच्याच कमरेला असते तिथे कुलूप कोणासाठी, हे त्याला कळले नसावे. सर्वांत कामी आला तो मिसवाक. मगरिबला वजू करताना दात नीट घासले की तोंडाला वेगळीच चव येते आणि तिच्यावर बिस्कीट लागत नाही.

तरीही एक गोष्ट उरते, आणि तीच अवघड आहे. तो अर्धा तास आमचा असतो. फजरपासून दुसऱ्यांसाठी चाललेल्या दिवसात पहिल्यांदा कुणी हाक मारत नाही. तेव्हा तोंडात टाकलेला गुळाचा खडा हा खाण्याचा पदार्थ राहत नाही, तो हक्काचा पगार होतो. तो काढून घेतला तर त्या जागी काय ठेवायचे? आम्ही गच्चीवर जायचे ठरवले. रात्री बाहेर चालायला बायकांना आमच्या गल्लीत अजून संकोच वाटतो, गच्ची आपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावले. थोरली शाळेतल्या भानगडी सांगते, धाकटी कोणाच्या ब्लाऊजला किती कापड चोरावे लागले ते सांगते. इशाची अजान झाली की खाली. लगीनसराईत धाकटी रात्री एकपर्यंत मशीनवर असते, झोप चार-पाच तास, आणि त्या आठवड्यांत गच्चीचाही उपयोग होत नाही. झोप कमी पडली की भूक वाढवणारा रस वाढतो आणि गोडाकडे जास्त ओढ जाते, हे तरुण पुरुषांवरच्या एका छोट्या अभ्यासात २००४ सालीच दिसले आहे. आम्हाला ते गिऱ्हाइकांना सांगता येत नाही.

गोड आम्ही सोडलेले नाही. तबर्रुक घेताना आपण ताट पुढे करत नाही, तळहात पुढे करतो. चिमूटभर मलिदा येतो, बिस्मिल्ला म्हणून तोंडात जातो, आणि कुणाला कमी पडल्यासारखे वाटत नाही. दहा माणसांत वाटलेला असतो म्हणून असेल. तेव्हा घरात एवढेच ठरले आहे, की गोड दस्तरखानावर, बसून, सगळ्यांबरोबर, आणि शक्यतो दुपारच्या जेवणावर. फडताळापाशी उभे राहून एकटीने नाही. थोरलीची सतरा वर्षांची मुलगी हे सगळे बघत असते. तिला स्थळांच्या गोष्टी सांगून वजनावर बोलणाऱ्या मावशीला आम्ही दोघींनी मिळून गप्प केले. पोरीच्या आज्जीचे पाऊल कशाने गेले, ते तिला माहीत आहे, तेवढे पुरे.

रमजानची धास्ती होती, कारण तिथे रोजा सुटतो तोच नेमका मगरिबला, आणि दिवसभराच्या उपासावर लाल सरबताचा जग समोर असतो. रोजे धरून वजन वाढलेल्या बायका आमच्या ओळखीत कमी नाहीत. एक खजूर, पाणी, नमाज, आणि मग जेवण, भजी-सरबत नाही. असा महिना काढला. सव्वीस दिवस जमले, चार दिवस इफ्तारच्या दावती होत्या.

अकरा महिन्यांनंतर धाकटी ६७ वर आहे, थोरली ७५ वर. तिचे सात भाग अजून पुरे झालेले नाहीत. नवे कागद आले: ५.८ आणि ५.७. उंबरा अजून पायाखालीच आहे.

ईदला शीरखुर्म्याची साखर निम्मी केली. खजूर नि दुधाची गोडी असतेच. थोरल्या दिरांनी पहिला घोट घेऊन कुणाकडे न बघता विचारले, "साखर महाग झाली काय?" वाटीभर साखर आणि चमचा दस्तरखानाच्या मधोमध ठेवला. बाराजणांत तिघांनी घेतली.