वेण्यांची सिंड्रेला

पुस्तकातली सिंड्रेला गोरीपान, पिवळ्या केसांची होती. मी सावळी. 'नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा उजळ हवा होता,' हे मावशी-आत्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या माझ्यासमोरच म्हणायच्या. कुणाच्या मनात वाईट नसायचं, म्हणून उलट बोलायचीही सोय नव्हती. गोष्ट मला फार आवडायची. पण राजवाड्याच्या पायऱ्या आपण चढतोय, असं मनात कधी आलं नाही.

लग्न होऊन न्यू जर्सीला आले. तिथे २ नोव्हेंबर १९९७च्या रविवारी एबीसी वाहिनीवर नवी सिंड्रेला लागली. लेकीला मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर ब्रँडी ही कृष्णवर्णीय गायिका, सावत्र आईच्या खरेदीची ओझी सांभाळत बाजारातून चाललेली. डोक्यावर बारीक बारीक वेण्या. आता जादू होईल आणि हे केस पहिल्यांदा बदलतील, असं मी धरूनच चालले होते. जादू झाली, फिकट निळा झगा आला आणि वेण्या तशाच राहिल्या, फक्त सुरेख वर बांधलेल्या! तेवढ्या एका दृश्यासाठी मी तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

राजा व्हिक्टर गार्बर, गोरा. राणी वूपी गोल्डबर्ग, कृष्णवर्णीय. त्यांचा राजपुत्र पाओलो मोंटालबान, जन्माने फिलिपिनो. हे कसं काय, असं अख्ख्या राज्यात कुणी विचारत नाही. सावत्र बहिणींतली एक गोरी, एक काळी. त्याचीही चर्चा नाही. जिथे रंगावाचून मुलीचं वर्णनच पुरं होत नसे, तिथून आलेल्या मला त्या राज्यातली हवाच निराळी वाटली.

रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ही संगीतिका मुळात टीव्हीसाठीच लिहिली. १९५७मध्ये ज्यूली अँड्र्यूजने ती थेट प्रक्षेपणात केली आणि १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिली. १९६५मध्ये लेस्ली अ‍ॅन वॉरन आली. ही तिसरी. खरं तर यातली सिंड्रेला व्हिटनी ह्यूस्टन स्वतः करणार होती. पण जुळवाजुळवीत वर्षं गेली, तेव्हा तिने ती भूमिका ब्रँडीला दिली आणि आपण परी झाली. व्हिटनी गेली तेव्हा मला आधी तिची ती सोनेरी परीच आठवली. हातातलं दुसऱ्या मुलीला देऊन टाकणं आणि वर तिच्यासाठी जीव तोडून गाणं, याला मन मोठं लागतं.

त्या रात्री सुमारे ६ कोटी लोकांनी हा चित्रपट पाहिला. डिस्ने प्लसवर यायला मात्र त्याला फेब्रुवारी २०२१ उजाडावं लागलं. तोवर आमच्या घरी टेपवर उतरवून घेतलेली प्रत चालायची, मधल्या जाहिरातींसकट.

आता लेक तिच्या मुलीला तो दाखवते. तिच्या मते खरी गंमत शेवटी आहे. सिंड्रेला बूट येण्याची वाट बघत बसत नाही. बोचकं उचलून घर सोडते आणि राजपुत्र तिला वाटेत भेटतो. लेकीचं म्हणणं मला पटतं. तरी तिथवर पोचण्याआधीच मी हटकून म्हणते, जरा मागे घे, तिच्या वेण्या बांधलेल्या बघू दे.