वीस लाख ठिपक्यांची रांगोळी

घरात नवी वस्तू यायची असली, म्हणजे ती येण्याआधी तिच्याविषयीची मते घरात येऊन बसतात. गॅसची नवी शेगडी घेतली तेव्हा आमच्याकडे एकच मत होते आणि ते सौभाग्यवतीचे होते. कपाटाच्या वेळी दोन झाली. पण टीव्हीची गोष्ट निराळी. घरातली लहानथोर सारी माणसे एकाच वेळी जिच्याकडे तोंड करून बसतात, अशी ही घरातली एकच वस्तू. देवसुद्धा इतका भाग्यवान नाही! त्यामुळे टीव्ही घ्यायचा म्हटल्यावर आमच्या घरात जितकी डोकी तितकी मते झाली, आणि डोकी पाच होती.

जुना टीव्ही वडिलांनी घेतलेला. १९९६ च्या क्रिकेटच्या विश्वचषकापूर्वी साताऱ्याहून तो एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून, वडिलांच्या मांडीला मांडी लावून वाईला आला. पुढे पोट आणि मागे कुबड अशी त्याची देहयष्टी. उतारवयात चित्र थरथरू लागले, की त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा लागे. मग तासभर तो शहाण्यासारखा वागे. आमच्या पिढीला त्याचे काही वाटत नसे. १९८७ साली रामायण सुरू झाले तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी साडेनऊला त्याच्यासमोर पन्नास माणसे बसत. एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि खालून सारे ओरडत, "आलं, आलं! गेलं!" पडद्यावर निम्मे राम-लक्ष्मण आणि निम्म्या मुंग्या. तरी कुणाला काही कमी पडल्यासारखे वाटले नाही. मुंग्यांतून राम वेचून घ्यायची आमच्या डोळ्यांना सवयच होती.

पण मुलांना ही सवय कशी असणार? दहावीतल्या चिरंजीवांनी जाहीर केले, की आपल्या टीव्हीवर क्रिकेटचा चेंडू दिसत नाही, नुसता खेळाडूंच्या हालचालींवरून तर्क करावा लागतो. धाकट्या मुलीला भिंतीवर टांगायचा टीव्ही हवा होता, कारण तिच्या मैत्रिणीकडे तसा होता. पत्नीला टीव्हीखालची जागा मोकळी व्हायला हवी होती. मला स्वतःला कमी किमतीचा हवा होता. माझ्या कादंबऱ्यांच्या मानधनात फार तर त्याचा रिमोट आला असता. राहिली आई. ती म्हणाली, "मला काय, कसलाही आणा. आवाज तेवढा स्वच्छ असू दे."

त्या वेळी हे वाक्य आम्हांला आईच्या साधेपणाचे वाटले.

दहावीनंतर चित्रकलेचा शिक्षणक्रम करून मी शाळेत लागलो; गणिताशी माझे संबंध दहावीतच संपले. ते टीव्हीने पुन्हा जोडून दिले. जुन्या टीव्हीचे चित्र रेघांचे असे. एकंदर ६२५ रेघा, त्यांतल्या ५७६ चित्राच्या. आधी विषम रेघा, मग सम, अशा त्या भराभर ओढल्या जात. नव्या टीव्हीचे चित्र ठिपक्यांचे. हाय डेफिनिशन म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात पुन्हा तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन इवल्या खिडक्या, आणि त्यांच्यामागे दिवा. कोणती खिडकी किती उघडायची एवढाच सारा खेळ. जॉर्ज सुरा नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षे खपून एक प्रचंड चित्र जवळजवळ नुसत्या ठिपक्यांनी रंगवले. आमचा टीव्ही तशी चित्रे सेकंदाला पंचवीस-पन्नास टाकतो आणि दमत नाही.

हे सारे मी रात्री जेवताना सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की रे! पण वीस लाख ठिपके मांडायचे म्हणजे सकाळ कधी व्हायची?"

आई रांगोळीतली जाणकार. पंधरा ते आठ ठिपक्यांचे तिचे कमळ पाहायला शेजारणी दारात थांबत. मात्र दोन वर्षे झाली, गुडघे दुखतात म्हणून तिने रांगोळी सोडली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, २०२४ च्या ऑक्टोबरात, आम्ही सहकुटुंब साताऱ्याला गेलो. दुकानात एका भिंतीवर वीसएक टीव्ही एकदम चालू होते. कांदेपोह्यांच्या दिवशी दोन्हीकडची माणसे जशी प्रमाणाबाहेर गोड असतात, तसा दुकानातला टीव्ही प्रमाणाबाहेर रंगीत असतो. पोपट इतका हिरवा, की खऱ्या पोपटाने लाजून मान खाली घालावी. विक्रेत्या मुलाने मला ८३ लाख ठिपक्यांचा संच दाखवला. मी घरून हिशोब करून गेलो होतो. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन ठिपके सहसा वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडद्यावर वीस लाख ठिपके मांडले, तर शेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. आमच्या खोलीत बसायची जागा पडद्यापासून आठ फुटांवर. तेथून हे वीस लाखच एकमेकांत मिसळून जातात. मग वरच्या त्रेसष्ट लाखांचे पैसे कोणासाठी द्यायचे? त्या मुलाने माझ्याकडे आदराने पाहिले, की कीव केली, ते कळले नाही. पण माझे गणित बिनचूक होते. फक्त ते निरोगी डोळ्याचे होते.

"आजी, तुम्हांला कुठला आवडला?" त्याने आईला मोठ्या अदबीने विचारले. समोरच्या पडद्यावर जंगलातला पट्टेरी वाघ पाणी पीत होता, मिशांवरचे थेंबसुद्धा मोजून घ्यावेत असा. आई दोन पावले पुढे झाली, डोळे बारीक करून तिने पाहिले आणि म्हणाली, "हा बरा आहे. गाय किती गोजिरवाणी दिसतेय!"

मुले खो-खो हसली. विक्रेता हसला. आईही हसली, "अगं बाई, वाघ का तो? मला मेलीला काय कळतंय!" म्हणाली. पत्नी मात्र हसली नाही. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. रात्री मुले झोपल्यावर ती आईच्या अंथरुणापाशी जाऊन बसली. "आई, खरं सांगा, तुम्हांला किती दिसतं?"

आईने आधी गुडघे पुढे केले, मग वय, मग चष्म्याची काच. शेवटी सारे बाहेर पडले. उजव्या डोळ्यापुढे धुके, डाव्यापुढे त्याहून थोडे विरळ. रांगोळी गुडघ्यांमुळे सुटली नव्हती. मांडलेला ठिपका तिला दिसत नव्हता. तांदूळ ती बोटांनी निवडत होती. माणसे चालीवरून ओळखत होती. आणि टीव्ही? "टीव्ही मी ऐकते रे," ती म्हणाली, "वर्ष झालं."

तिने हे लपवले ते भीतीपोटी. तिच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन एका शिबिरात झाले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचे नाही, आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. लहानपणी पाहिलेल्या त्या पिशव्या साठ वर्षे तिच्या मनावर तशाच ठेवलेल्या होत्या. नेत्रवैद्यांनी तिला समजावले, की आता चीर दोन-तीन मिलिमीटरची असते, गढूळ भिंग काढून त्याच जागी नवे बसवतात आणि माणूस सहसा त्याच दिवशी घरी जातो. ती हो म्हणेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला.

तोवर टीव्ही भिंतीवर चढला होता आणि नव्या सुनेप्रमाणे घराच्या चालीरीती बदलू लागला होता. पहिली अडचण अशी, की त्याला डोकेच नाही! जुन्याच्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती, गणपतीशेजारी फुलदाणी आणि विजेची बिले असा संसार होता. तो सारा बेघर झाला. दुसरी अडचण लांबीरुंदीची. जुने चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ. जुना चित्रपट लावला, की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत ना?" आणि त्यांनी चित्र ताणले. त्यासरशी नायिका एक-तृतीयांशाने रुंद झाली. चित्रकलेच्या शिक्षकाच्या घरात हे चालणे शक्य नव्हते. पट्टे परत आले. तिसरी गोष्ट पत्नीच्या मनात अजून सलते. आम्ही घेतला तेव्हा ३२ इंचांवरच्या टीव्हीला २८ टक्के कर होता. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, अगदी घटस्थापनेच्या दिवशी, तो १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईला धीर यावा म्हणून मी तिला क्लोद मोने या थोर चित्रकाराची हकिगत सांगितली. त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होता, रंग मळकट तांबूस दिसू लागले होते, तोही वर्षानुवर्षे टाळत राहिला आणि अखेर १९२३ साली त्याने उजवा डोळा उघडून घेतला. आईने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "मोने म्हणजे कोकणातले का रे?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसली. मी दुकानातले भडक रंग केव्हाच खाली आणले होते, तरी ती म्हणाली, "किती निळं रे हे!" मग तिने एक हात डाव्या डोळ्यावर ठेवला, काढला, उजव्यावर ठेवला. "ह्या डोळ्यानं भिंत तुपाच्या रंगाची दिसते, आणि ह्या नव्यानं चुन्याच्या." इतकी वर्षे मी मुलांना रंग शिकवतो आहे, पण पांढऱ्याचा असा धडा मला कोणी दिला नव्हता. जुने भिंग पिवळे पडत जाते आणि निळा रंग अडवून धरते. ते गेले, की निळा धबाधबा आत येतो. मोनेचीही रंगांविषयी तक्रार होतीच.

नंतर मालिका सुरू झाली आणि खरी गंमत उडाली. वर्षभर आईने नुसत्या आवाजांवरून त्या साऱ्यांचे चेहरे तयार केले होते. मोठ्या दिराचा आवाज खर्जातला, म्हणून तिने त्याला गोरा, उंच आणि मिशाळ केला होता. तो निघाला किडकिडा. "हा? हा बोलतो होय असं?" ती पुन्हापुन्हा म्हणे. गोड बोलणाऱ्या नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंगाचा थर कानाजवळ कुठे संपतो, तेही तिला दिसले आणि त्या बाईवरून तिचे मन उडाले. मी लेखक, मला मनातून आनंदच झाला. शब्द ऐकून चेहरा आपण घडवायचा, हे तर कादंबरीच्या वाचकाचे काम! माझ्या आईने वर्षभर टीव्ही वाचला होता.

पण तो नवा डोळा टीव्हीपुरता थोडाच राहणार? दोन दिवसांत तो घरावर फिरला. छताच्या कोपऱ्यातले कोळिष्टक सापडले, तव्याची कड सापडली. सुनेच्या टाचांच्या भेगा पाहून "तेल लाव गं" म्हणून तिने वाटी पुढे केली. नात किती उंच झाली हे तिने हाताने नव्हे, डोळ्यांनी मोजले. एके संध्याकाळी मी बातम्या पाहत होतो. क्षणभराने मला जाणवले, की आई टीव्हीकडे पाहतच नाही, माझ्याकडे पाहते आहे.

"काय गं?"

"काही नाही. दाढी किती पिकली तुझी! आणि डोळ्यांखाली हे काय? रात्री जागून लिहितोस ना अजून?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पडद्यावर वीस लाख ठिपके आपले काम करीत होते. त्यांच्यात इतके सामर्थ्य असूनही एक गोष्ट त्यांना साधत नाही: ते आपल्याकडे पाहत नाहीत. वर्षभर आवाजावरून आईने माझाही एक चेहरा मनात ठेवला असणार, दोन-चार वर्षांपूर्वीचा, ताजातवाना. तो त्या संध्याकाळी तिने बदलून घेतला.

दुसरा डोळा फेब्रुवारीत झाला. आता भिंत दोन्हींकडून चुन्याची आहे. आई खुर्ची जरा तिरपी करून बसते, म्हणजे टीव्हीही दिसतो आणि स्वयंपाकघराचे दारही. मालिका चालू असताना ती बराच वेळ वाती वळत असते आणि मध्येच मान वर करून पाहते. ऐकण्याची सवय मोडलेली नाही. चिरंजीवांना चेंडू दिसतो, आणि पंचांच्या चुका त्याला आमच्यापेक्षा आधी कळतात.

२०२५ च्या गुढीपाडव्याला तिने पहाटेच दारापुढे सडा घातला. पंधरा ते आठ ठिपक्यांचे कमळ काढायला बसली. गुडघे खरोखरच दुखत होते, मध्येमध्ये ती भिंतीला धरून उठत होती. मी हिशोब केला. एकंदर १६९ ठिपके होतात. पाकळ्यांची एक रेघ जरा वाकडी गेली, ती तिने स्वतःच पाहिली, बोटाने पुसली आणि पुन्हा ओढली.